तक्रारदाराचं नाव

"नाव सांगायलाच पाहिजे का?" फोनवरचा माणूस म्हणाला.

"नको. तुम्हाला काय म्हणून हाक मारू, तेवढं सांगा."

त्याने घसा साफ केला. मग तो म्हणाला, "पाटील म्हणा."

"बोला पाटील."

दुपारची वेळ होती. नगरपालिकेच्या बागेमागच्या खोलीत मी एकटीच होते. जयसिंगपूरच्या आमच्या 'सोबत' ज्येष्ठ नागरिक मंडळाची ती खोली. एक टेबल, ब्लडप्रेशर तपासायला येणाऱ्या डॉक्टरांसाठी एक कॉट, भिंतीला टेकवलेल्या खुर्च्या आणि हा फोन. घरात छळ होत असेल तर म्हाताऱ्या माणसांनी या नंबरावर बोलावं, असे फलक आम्ही गावभर लावले होते. मी टेलिफोन खात्यातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेली, त्यामुळे दुपारचं फोनपाशी बसणं आपसूकच माझ्याकडे आलं होतं.

"माझा एक मित्र हाय," पाटील म्हणाले. "त्याचं पोरगं त्याच्यावर हात टाकतंय."

"कधीपासून?"

"फौंड्री बंद पडली, तवापासनं. सून पोरांना घिऊन माहेरी गेली. ह्यो घरात बसून असतोय. चहा गार झाला, रेडिओ मोठा झाला, काय बी पुरतंय."

"मित्राची बायको आहे?"

"हाय. गुडघ्यानं अधू. तिच्या अंगाला हात लावत न्हाई. तिला अजून आई म्हणतोय."

"मग मित्राला म्हणावं, तक्रार करा. आता कायदा आहे. प्रांतांकडे अर्ज करता येतो, वकील लागत नाही. आम्ही बरोबर येऊ."

"तक्रार केलीस तर विहिरीत उडी टाकतो म्हणतोय. टाकंल बी. ल्हानपणापासनं तसाच हाय त्यो."

"आणि नाही केली तर?"

मग एकदम ते म्हणाले, "मित्राला काय सांगू?"

"सांगा, पहिली थप्पड गप्प बसून खाल्ली, की दुसरीला आपणच आवतण देतो."

"हे... हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"आमचे अध्यक्ष म्हणतात असं."

फोन ठेवला गेला. मी मात्र रिसीव्हर कानाला धरूनच बसले. माणसाला न बघता ओळखायचं, हेच काम मी जन्मभर केलं होतं. तोंडावर रुमाल धरलेला असो नाहीतर आवाज बारीक केलेला असो, वाक्याच्या आधी घसा साफ करायची ती तऱ्हा मला रोज ऐकून पाठ होती. माझ्याशी बोललेले पाटील म्हणजे भूपाल मगदूम होते. आमचे अध्यक्ष.

मगदूम आण्णा कोर्टात बेलीफ होते. लोकांच्या दारात समन्स घेऊन उभं राहण्यात त्यांची नोकरी गेली, आणि नोकरी संपल्यावरही ते दारांतच उभे राहिले. फक्त आता ते कुणाच्या तरी आईबापासाठी जात. उंच माणूस, डोक्यावर पांढरी टोपी आणि गल्लीच्या टोकापर्यंत पोचणारा आवाज. एका म्हातारीला मुलांनी गोठ्यात ठेवलं होतं, तर आण्णा त्या गोठ्यात गवतावर जाऊन बसले आणि मुलगा हात जोडून आत न्यायला येईपर्यंत उठले नाहीत. गावातल्या म्हाताऱ्यांना कोर्ट, पोलीस, नगरसेवक यांच्यापेक्षा आण्णांचा आधार जास्त वाटायचा. त्यांच्या स्वतःच्या घरी बायको पद्माक्का आणि महावीर नावाचा एकुलता एक मुलगा आहे, तो फौंड्रीत होता, एवढं आम्हाला ठाऊक होतं. त्याहून अधिक आण्णा कधी बोलत नसत.

त्या दिवशी संध्याकाळी ते नेहमीसारखे आले.

"काय इंदूताई, फोनबिन?"

"एक पाटील म्हणून होते," मी म्हणाले.

"काय म्हणत होते?"

"मित्राला त्याचा मुलगा मारतो म्हणाले."

"नावपत्ता दिला?"

"नाही."

"मग सोडून द्या." त्यांनी घसा साफ केला. "आपला नियम हाय. तक्रारदार स्वतः पुढं आल्याशिवाय कुणाच्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई. न्हाईतर लोक म्हणतील, ही म्हातारी दुसऱ्यांची घरं फोडत हिंडत्यात."

"आण्णा, तो माणूस फार घाबरलेला होता हो."

"घाबरलेला माणूस फोन कशाला करंल?"

"घाबरलेलाच करतो."

टोपी त्यांनी एका बाजूला खाली ओढून घेतली होती, तरी कानाची पाळी दिसत होती. जांभळी पडून सुजली होती.

"कानाला काय झालं?"

"न्हाणीत घसरलो," आण्णा म्हणाले आणि बागेतला नळ बंद आहे का ते बघायला निघून गेले.

मी त्यांचं नाव घेतलं नाही. घेतलं असतं तर पाटील पुन्हा फोनवर आले नसते, आणि त्या फोनशिवाय या माणसाला बोलायला दुसरी जागा उरली नव्हती.

पुढे पाटलांचे फोन येत राहिले. महावीर जेवून झोपला, की येत असावेत. कधी ते नुसतं ऐकत. मीच बागेतलं काहीबाही सांगत राही. कधी बोलायला लागले की थांबत नसत. मित्राचा चष्मा फोडला. मित्राला ताटावरून उठवलं. मित्राची बायको आतल्या खोलीत पडून असते, तिला कळू नये म्हणून मित्र तोंडात पंच्याचा बोळा धरतो.

"तिला कळत नसेल असं वाटतं तुम्हाला?" मी विचारलं.

"कळलं तर ती मरंल."

"पाटील, मित्राला म्हणावं, चार दिवस आमच्या खोलीवर येऊन राहा. दोघंही या."

"त्यो यायचा न्हाई, ताई. गावात त्याचं नाव हाय. लोक त्याच्याकडं न्याय मागाय येत्यात. त्यानं कुणाकडं जायचं?"

"आमच्याकडे."

पलीकडून हुंदका दाबल्याचा आवाज आला. इतका मोठा आवाज असलेला माणूस इतकं बारीक रडत होता.

मी हे एकाच माणसाला सांगितलं. कल्लाप्पा बिरनाळे, आमचे बिरनाळे मामा. जन्मभर ट्रक चालवलेला गडी, आण्णांचा शाळेपासूनचा दोस्त आणि डोक्याने भडक. ऐकल्याबरोबर ते उठून उभे राहिले.

"आत्ता जातो आणि त्या महावीराचं तंगडं मोडून हातात देतो."

"आणि त्याने विहिरीत उडी टाकली तर? आण्णा आपल्याला जन्मात क्षमा करतील?"

मामा मटकन खाली बसले. "मग करायचं काय आपण? बघत बसायचं? आपल्या अध्यक्षाला घरात बडवत्यात, आणि आपण गावात फलक लावत हिंडायचं?"

पोलिसांत जावं, तर आण्णाच तिथे 'तसं काही नाही' म्हणतील. घरी जावं, तर त्यांचाच नियम आडवा येत होता. आणि रोज संध्याकाळी आण्णा येऊन आमच्यात बसत, दुसऱ्यांच्या तक्रारी ऐकत, कुणाकुणाच्या मुलांना दम देत. दिवसेंदिवस त्यांचा आवाज मात्र खाली येत चालला होता.

एका दुपारी फोन वाजला. मी उचलला. "ताई..." एवढंच ऐकू आलं. पाटलांचा दबलेला आवाज नव्हता तो, आण्णांचाच होता. लगेच मागून दुसरा आवाज आला.

"कुणाला लावतोस रं? कुणाला सांगतोस माझं?"

रिसीव्हर कशावर तरी आपटला. लाइन चालू राहिली. काहीतरी जड पडलं. भांडं गडगडत गेलं. "नको रं, महावीर, आई उठंल," असं आण्णा म्हणत होते. नंतर आवाज थांबला आणि कुणीतरी धापा टाकत असल्याचं ऐकू येत राहिलं. दोघांतलं कोण, ते कळेना.

मी रिसीव्हर तसाच टेबलावर टाकला आणि बागेत पळत गेले. मामा बाकड्यावर बसले होते. माझा चेहरा बघूनच ते उठले. आम्ही रिक्षा केली.

आण्णांचं घर गल्लीच्या कोपऱ्यावर होतं. दार बंद होतं. मामांनी कडी वाजवली आणि आण्णांनी स्वतः दार उघडलं. तोंड नुकतंच धुतलं होतं, केसांतून पाणी गळत होतं. घाईघाईने चढवलेल्या सदऱ्याची बटणं वरखाली लागली होती. ओठ फाटला होता.

"काय वं? सगळी कशी काय आलासा?" ते हसले. त्या हसण्याने ओठातून पुन्हा रक्त आलं.

"आण्णा, चला आमच्याबरोबर," मी म्हणाले.

"कुठं?"

"खोलीवर. पद्माक्कांनाही घ्या."

त्यांच्या मागे महावीर येऊन उभा राहिला. मी त्याला प्रथमच जवळून बघत होते. राक्षसासारखा काही दिसत नव्हता. चाळिशीचा, दाढी वाढलेला, डोळे तांबारलेले. "काय झालं?" तो म्हणाला. "माझ्या घरात कशाला आलासा?"

"तुझ्या घरात?" मामा पुढे सरसावले. "बापाचं घर हाय हे! तोंड बघ त्याचं, काय केलंस ते!"

"कल्लाप्पा!" आण्णा ओरडले. तोच तो जुना आवाज. शेजारची दारं उघडली, बायका कट्ट्यावर आल्या. "तुला कुणी बोलावलं? मी तक्रार केलीया? इंदूताई, तुमच्याकडं माझं नाव हाय कुठं? घसरलो मी. माझा नियम मोडून माझ्याच दारात येताय? जावा! जावा इथनं!"

"आण्णा, मी ऐकलंय सगळं. फोन चालूच होता."

"कसला फोन? मी फोन केला न्हाई!"

"पाटलांनी केला," मी म्हणाले.

आण्णांचा चेहरा असा झाला, की मला पुढे बघवेना. मी ओळखलंय, हे त्यांना त्या क्षणी कळलं. त्यांनी दाराची चौकट धरली. मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू म्हणाले, "पाया पडतो, ताई. जावा. त्यो जीव दील."

"ऐकलं न्हवं? तक्रार न्हाई म्हणत्यात," महावीर म्हणाला. "निघा आता."

आम्ही खरंच निघालो होतो. दुसरं काय करणार? मामांनी पायरीवरून पाय खाली घेतला. तेवढ्यात आतून भिंतीला हात घासत कुणीतरी येत असल्याचा आवाज आला. पद्माक्का. गुडघ्यांनी अधू झालेली बाई, दोन वर्षांत उंबऱ्याबाहेर आलेली कुणी पाहिली नव्हती. एका हाताने भिंत आणि दुसऱ्या हाताने लुगडं सावरत ती दारापर्यंत आली.

"फोन मी केला," ती म्हणाली.

"पद्मा, तू आत जा," आण्णा म्हणाले.

"तक्रारदार पाहिजे न्हवं तुम्हाला? मी हाय. लिहून घ्या, पद्मावती भूपाल मगदूम." ती धापा टाकत होती, पण बोलत होती गल्लीला ऐकू जाईल असं. "माझं पोरगं माझ्यावर हात टाकतंय. मला इथं ऱ्हायचं न्हाई. मला घिऊन चला."

महावीरच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला. "आई! काय बोलतीस? मी तुझ्यावर कधी हात टाकला? देवाची आण घिऊन सांग. तुला कधी बोट तरी लावलं का मी?"

पद्माक्काने वळून त्याच्याकडे पाहिलं.

"मला न्हाई लावलंस," ती म्हणाली. "मग कुणाला लावलंस? सांग की ह्यांना."

महावीरने आईकडे पाहिलं, कट्ट्यावरच्या बायकांकडे पाहिलं, मग बापाच्या ओठाकडे. आणि तो भिंतीला पाठ घासत खाली बसला.

"मला सगळं ऐकाय येत हुतं," पद्माक्का आता नवऱ्याला म्हणाली. "तुम्ही तोंडात पंचा धरायचा, आणि मी पदर. मला वाटायचं, तुमच्या मानाला धक्का नको. आता नको तो मान." तिने मामांपुढे हात केला. "कल्लाप्पाभावजी, मला रिक्षात बशिवता?"

मामांनी तिला जवळजवळ उचललंच. आण्णा दारात एकटे उरले. आत मुलगा बसलेला, बाहेर रिक्षात बायको. स्वतःसाठी ते त्या उंबऱ्यावरून कधीच उतरले नसते. पण पद्माक्काला उठायला-बसायला त्यांच्याशिवाय कुणाचा हात चालत नसे. त्यांनी एकदा आत पाहिलं, टोपी शोधल्यासारखं डोक्यावर हात फिरवला आणि तसेच बोडक्या डोक्याने चालत येऊन रिक्षात बसले.

खोलीवर आल्यावर पद्माक्का कॉटवर आडवी झाली आणि लगेच तिचा डोळा लागला. आण्णा मात्र खुर्चीत बसेनात. खिडकीशी जात, दाराशी येत. मी ओठाला कापूस लावायला गेले, तर हात झिडकारला.

"तुम्ही त्याला मारलासा," ते म्हणाले. "माझं पोरगं आज जाणार. विहीर घरापासनं लांब न्हाई. कुणीतरी जावा. इंदूताई, तुमच्या पाया पडतो, कुणीतरी जावा त्याच्याजवळ."

"मी जातो," बिरनाळे मामा म्हणाले.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. थोड्या दिवसांपूर्वी तंगडं मोडायला निघालेला माणूस तो.

"तू त्याला मारशील," आण्णा म्हणाले.

"न्हाई मारत. तुझी शप्पथ, भूपाल. नुसता बसतो."

मामा गेले ते दुसऱ्या दिवशी सकाळी परत आले. डोळे सुजलेले होते.

"हाय जिता," त्यांनी दारातूनच सांगितलं. "बसल्या जागचा हलला न्हाई. मी बी काय बोललो न्हाई. सकाळी मीच चहा केला. कप हातात धरला आणि मला विचारलं, आण्णांच्या ओठाला औषध लावलं का म्हणून."

आण्णा तोंड दोन्ही हातांत घेऊन रडू लागले. या वेळी त्यांनी आवाज दाबला नाही.

अर्ज पद्माक्काच्या नावाने गेला. आण्णा सही करीनात. प्रांतांच्या समोर ज्या दिवशी बोलावलं, त्या दिवशी आम्ही सगळे गेलो. जिना चढताना पद्माक्काला खुर्चीत बसवून वर न्यावं लागलं. महावीर एका बाजूला उभा होता. दाढी केलेली, शर्ट धुतलेला. कुणाकडे बघत नव्हता.

प्रांत मॅडम तरुण होत्या. पद्माक्काचं ऐकून झाल्यावर त्यांनी आण्णांकडे पाहिलं. "आजोबा, अर्जावर तुमचं नाव नाही. तुम्हाला काही सांगायचंय?"

आण्णा उभे राहिले. जन्मभर कोर्टात वावरलेला माणूस. कितीतरी लोकांच्या वतीने याच खोलीत बोललेला. त्यांनी घसा साफ केला आणि काहीतरी पुटपुटले.

"ऐकू आलं नाही," लिहून घेणारा कारकून म्हणाला.

मला वाटलं, आता ते खाली बसतील.

"लिहा," आण्णा म्हणाले, आणि या वेळी त्यांचा आवाज बाहेरच्या व्हरांड्यापर्यंत गेला. "भूपाल मगदूम. मला माझ्या पोराची भीती वाटते. त्याला शिक्षा नको. पण मला त्याच्याबरोबर ऱ्हायचं न्हाई. भीती वाटते."

महावीरने मान खाली घातली ती वर केली नाही. त्याला काही विचारलं, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आण्णा सांगत्यात ते खरं हाय."

घर म्हाताऱ्यांना मिळालं. महावीर चिकोडीला त्याच्या मामाकडे गेला, पुढे तिथेच कामाला लागला. वर्ष-सहा महिन्यांनी येऊन आईला भेटायचा. आण्णांनी अध्यक्षपद सोडलं. मंडळात येत, पण कुणाच्या दारात पुन्हा गेले नाहीत. आता आण्णा आणि पद्माक्का दोघंही नाहीत. लोक मला विचारतात, त्या प्रकरणात तुम्ही जिंकलात ना? मी हो म्हणते. मग मला आठवतो तो त्या दिवशीचा जिना.

सुनावणी संपवून आम्ही खाली उतरत होतो. मामा आणि आणखी दोघे पद्माक्काची खुर्ची धरून पुढे गेले होते. आण्णा मागे एकटे, कठड्याला धरून. दुसऱ्या की तिसऱ्या पायरीवर त्यांचा पाय लटपटला. महावीर त्यांच्या मागेच होता. तो झटकन पुढे झाला, हात लांब केला, सावरायला.

आण्णांचा हात आपोआप वर गेला. कोपर दुमडून चेहऱ्यासमोर. डोळे घट्ट मिटलेले.

महावीर तिथेच थांबला. लांब केलेला हात त्याने हळूच मागे घेतला, कमरेमागे नेला आणि दुसऱ्या हाताने तो धरून ठेवला. दोन पायऱ्या मागे सरकला.

"तुम्ही उतरा आधी," तो म्हणाला.

मी वर जाऊन आण्णांना हात दिला. आम्ही खाली पोचेपर्यंत तो वरच उभा होता.